पहिल्या दिवसाचे पाणी

मराठीत विहिरीला पाणी 'लागते'. ठेच लागते, भूक लागते, लॉटरी लागते, तसेच पाणीही लागते. या क्रियापदात कर्ता कोण आहे हे नीट सांगता येत नाही. खणणारा खणत असतो, सुरुंग लावणारा सुरुंग लावत असतो, पण 'लागणे' मात्र त्यांच्या हातात नसते. ते नशिबाचे, देवाचे किंवा पाणाड्याच्या हातातल्या नारळाचे. म्हणूनच पाणी लागले की पेढे वाटतात, विहिरीची ओटी भरतात, आणि त्या दिवशी किती पाणी लागले हा आकडा घराच्या इतिहासात लग्नाच्या तिथीसारखा कोरला जातो. 'बाबाच्या विहिरीले दोन परस पाणी लागलं होतं', 'आमच्या बोअरले अडीच इंच लागलं' अशी वाक्ये आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पन्नास पन्नास वर्षे टिकून राहतात; ते पाणी मात्र तितके टिकलेले असतेच असे नाही.

लागण्याच्या क्षणाला भाषेने जेवढा मान दिला, तेवढा पुढच्या काळाला दिलेला दिसत नाही. पाणी लागते आणि एक दिवस आटते. या दोन टोकांच्या मधले जे महिने आणि वर्षे असतात, त्यांच्यासाठी एकच नेमका शब्द मला आमच्याकडे सापडतो, तो म्हणजे 'तुटणे'. मोटारीने उपसता उपसता पाणी फुटबॉलपर्यंत उतरते, नळीतून हवा येऊ लागते, धार खंडते, त्याला 'पाणी तुटलं' म्हणतात. किती वेळाने तुटले आणि तुटल्यावर पुन्हा किती वेळाने भरले, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत विहिरीचे सगळे चरित्र दडलेले असते. मी पेशाने मराठीचा अध्यापक आहे, भूवैज्ञानिक नाही. पण संहिता वाचणे हा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांनी विहीर कशी वाचली जाते हे एकदा पाहावे असे मला बऱ्याच दिवसांपासून वाटत आले आहे. त्यातही खडकाला भेगा पाडून जिचे पाणी वाढवले आहे अशी विहीर.

*

प्रथम जमिनीविषयी. बुलढाणा जिल्हा भूगर्भाच्या दृष्टीने एक नाही, दोन आहेत. दक्षिणेकडचा चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हा भाग दख्खनच्या पठाराचा. उत्तरेकडचा मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा बराचसा भाग पूर्णा नदीच्या गाळाचा. उत्तरेला गाळ आहे, वाळू आहे, कणाकणांमध्ये मोकळी जागा आहे, त्यामुळे जमिनीत पाणी पुष्कळ; पण पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाण पट्टा अकोला-अमरावतीपर्यंत पसरलेला आहे आणि तिथले पाणी अनेक ठिकाणी तोंडात धरवत नाही. 'पाणी लागणे' या शब्दप्रयोगाचा दुसरा अर्थ, म्हणजे पाणी न मानवणे, तिथे अधिक खरा ठरतो. मूत्रपिंडाच्या विकारांनी त्या गावांचे नाव वर्तमानपत्रांत अनेकदा आले आहे. दक्षिणेला याच्या अगदी उलट. पाणी गोड, पण ते ज्या दगडात आहे तो दगड ते सहजासहजी सोडत नाही.

हा दगड म्हणजे बसाल्ट, आपला काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचून तो तयार झाला आणि महाराष्ट्राच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक भूमीवर पसरला. लोणारच्या आसपास या थरांची एकूण जाडी सहाशे-सातशे मीटर असल्याचे सांगतात. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट, अभंग. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, पण ती छिद्रेही बहुधा पांढऱ्या खनिजांनी बुजलेली. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा. वाळूच्या ढिगात पाणी जसे सर्वत्र असते तसे या दगडात नसते. ते असते वरच्या कुजलेल्या मुरमात, थरांच्या सांध्यांत, आणि लाव्हा थंड होताना किंवा नंतर कधीतरी पडलेल्या भेगांत. त्यामुळे एका शेतात पाण्याने तुडुंब भरलेली विहीर आणि बांधापलीकडे शंभर पावलांवर कोरडी ठणठणीत विहीर, हे दृश्य आमच्याकडे कुणालाही नवलाचे वाटत नाही. नवल न वाटण्याचे कारण लोक नशिबात शोधतात. खरे कारण भेगेत असते. ज्याची विहीर भेगेवर पडली त्याला पाणी 'लागले'.

या जिल्ह्यातली सर्वांत मोठी भेग पाडणारा माणूस नव्हता. लोणारला आकाशातून आलेल्या अशनीने बसाल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर केले. भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी विवराच्या तळात विंधन करून खालचा चुराडा झालेला खडक बाहेर काढला, आणि १९७३मध्ये हे विवर आघाताचेच असल्याचा पुरावा प्रसिद्ध झाला. विवराच्या काठावर आज जी 'धार' वाहते, गोमुखातून बारमाही पडणारे जे गोडे पाणी यात्रेकरू डोक्यावर घेतात, ते पठाराच्या पोटातून वाट काढत आलेले पाणी आहे. खाली तळ्याचे पाणी मात्र खारट आणि क्षारयुक्त. तळ्याकाठच्या सासू-सुनेच्या विहिरीत एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारे लागते असे लोक सांगतात. त्या दोघींचे पाणी वेगळे राहावे याची सोय दगडानेच केली असावी, असे मानण्याचा मोह मला प्रत्येक वेळी होतो.

*

आता एक वळण घेऊन थोडे दूर जाऊ. घट्ट दगडातून काही तरी बाहेर काढायचे, हा प्रश्न केवळ शेतकऱ्याचा नाही. नैसर्गिक वायूचे काही साठे इतक्या घट्ट खडकात अडकलेले असतात की नळी खाली सोडली तरी वायू वर यायला तयार नसतो. खडकातून द्रव किंवा वायू किती सहज सरकतो हे मोजण्याचे एकक आहे 'डार्सी'. या एककाचा पूर्वज विहिरी-नळांच्या जगातलाच. आंरी डार्सी हा फ्रान्समधल्या दिजों शहराला पाणी पुरवणारा अभियंता. वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने झिरपते याचे प्रयोग त्याने केले आणि १८५६मध्ये दिजोंच्या सार्वजनिक कारंज्यांवरील ग्रंथात त्याचा नियम मांडला. पुढे तेल आणि वायूच्या जगाने त्याचे नाव उचलले. ज्या खडकाची पार्यता एका डार्सीच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी, तो वायुसाठा 'घट्ट' मानण्याची रूढी आहे.

अशा खडकावर उपाय एकच, भेग पाडणे. नळीतून प्रचंड दाबाने द्रव आत सोडायचा, खडक फाटला की फटीत वाळूचे दाणे कोंबायचे, म्हणजे दाब काढून घेतला तरी फट मिटणार नाही. याचा पहिला प्रयोग १९४७मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात ह्यूगोटन वायुक्षेत्रात झाला. द्रव म्हणून जेलीसारखे दाट केलेले पेट्रोल वापरले होते. गंमत अशी, की त्या पहिल्या विहिरीचे उत्पादन म्हणण्यासारखे वाढले नाही. तरीही दोनच वर्षांत, १९४९मध्ये, हे तंत्र धंदा म्हणून उभे राहिले. आणि हे सगळे आपल्यापासून वाटते तितके दूरचे नाही. राजस्थानातल्या बाडमेर जिल्ह्यातल्या रागेश्वरी क्षेत्रात खोलवर ज्या घट्ट खडकातून भेगा पाडून वायू काढतात, तो खडकही ज्वालामुखीजन्यच आहे आणि त्यात बसाल्टही आहे. तिथे सुमारे तीन हजार मीटरांवर वायूसाठी जे करतात, तेच आमच्याकडे शंभर-दोनशे फुटांवर पाण्यासाठी करतात.

भेग पाडलेली वायूची विहीर पहिल्या दिवशी जोरात बोलते. पण तिचा पहिला आवाज फटीचा असतो, खडकाचा नसतो. फटीत आणि फटीच्या अगदी लगत जे असते ते आधी धावत येते. मागून येणाऱ्याला घट्ट दगडातून अधिकाधिक लांबचा प्रवास करावा लागतो. त्यामुळे उत्पादन एका ठरावीक चालीने घसरते. या काळात ते काळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते, असे अभियंते सांगतात. सोप्या भाषेत, पहिल्या दिवशी सोळा आणे असेल तर चौथ्या दिवशी आठ आणे, सोळाव्या दिवशी चार आणे, चौसष्टाव्या दिवशी दोन आणे. आधी धडकी भरावी अशी घसरण, आणि नंतर न संपणारी एक लांब शेपटी. १९४५मध्ये आर्प्स या अभियंत्याने अशा घसरणींचे गणिती वक्र मांडले, आणि आजही एखाद्या विहिरीतून आयुष्यभरात किती मिळेल याचा अंदाज त्या पद्धतीने बांधला जातो. विहिरीची किंमत पहिल्या दिवसाच्या आकड्याने नव्हे, त्या शेपटीच्या लांबीने ठरते.

आणखी एक गोष्ट या मंडळींनी अनुभवातून शिकून घेतली. नव्याने फोडलेली विहीर एकदम पूर्ण उघडायची नाही. तोंडाशी अरुंद चकती बसवून वायू बेताने येऊ द्यायचा. हावरटपणे ओढले तर फटीतली वाळू वायूबरोबर बाहेर येते, आतला दाब झपाट्याने उतरतो आणि मोठ्या खर्चाने पाडलेली फट मिटू लागते. हे वाचताना मला मोट आठवली. दोन बैल, एक नाडा, एक सोंदूर, आणि बैलांचा दम हीच चकती. मोट विहिरीला कधी हावरटपणे उपसूच शकत नव्हती. तिच्या मर्यादेमुळे विहिरीचा जीव वाचत होता हे मोट गेल्यावर कळले. अर्थात मोटेच्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तो दम ज्यांचा जात होता त्या बैलांना आणि माणसांना कुणी विचारले नव्हते.

*

आमच्याकडे भेगा पाडण्याचे प्रकार तीन. पहिला सुरुंगाचा, सर्वांत जुना. दुसरा आडव्या बोअरचा: आटलेल्या विहिरीत यंत्र उतरवून तिच्या भिंतीत चहूबाजूंनी आडवी भोके पाडायची, जेणेकरून बाजूच्या खडकातल्या न भेटलेल्या भेगा विहिरीला येऊन मिळतील. तिसरा जलभंजनाचा. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा मुख्यतः पिण्याच्या पाण्याच्या विंधन विहिरींसाठी तो वापरत आली आहे. विंधन विहिरीत घट्ट खडकाच्या जागी रबरी बूच फुगवून बसवतात, त्याखाली टँकरमधले पाणी मोठ्या दाबाने ढकलतात. मातीने बुजलेल्या जुन्या भेगा धुऊन निघतात, काही रुंदावतात, एकमेकींना जोडल्या जातात. वायूच्या विहिरीशी फरक इतकाच, की इथे फटीत वाळू कोंबण्याची पद्धत सहसा नसते. मुळात कमी पाणी असलेला हातपंप यानंतर चांगला चालू लागल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. एका वस्तीला पिण्यापुरते पाणी मिळणे ही काही लहान गोष्ट नव्हे, आणि पुढे मी जे म्हणणार आहे ते या कामाला कमी लेखण्यासाठी नाही.

अडचण मोजमापाची आहे. बोअरचे पाणी आमच्याकडे इंचात सांगतात. काटकोनी खाच असलेल्या पत्र्यावरून पाणी वाहू देऊन खाचेतल्या पाण्याची उंची मोजली, तर एक इंचाला ताशी सुमारे पाचशे लिटर पाणी होते. पण दोन इंचाला ते हजार होत नाही, जवळजवळ तीन हजार होते. म्हणजे इंच हा दिसायला गरीब पण आतून फार धूर्त आकडा आहे. आणि शेतात तो बहुधा खाचेने मोजलाच जात नाही. हवेच्या दाबाने उसळणाऱ्या फवाऱ्याकडे पाहून, मध्यरात्री, यंत्राच्या आवाजात, पैसे मोजून देण्याच्या घाईत तो ठरतो. त्या फवाऱ्यात भेगेत वर्षानुवर्षे साठलेले पाणी असते. त्यावर कर्ज काढले जाते, पाइपलाइन टाकली जाते, संत्र्याची किंवा डाळिंबाची कलमे आणली जातात. कलमाला फळ यायला काही वर्षे लागतात, भेगेला रिती व्हायला कधी कधी एक उन्हाळा पुरतो. सदानंद देशमुखांनी 'तहान' आणि 'बारोमास' या कादंबऱ्यांत याच मातीतली पाण्याची आणि शेतीची ओढाताण मांडली. या कादंबऱ्या वर्गात शिकवताना विद्यार्थी शोकांतिकेचे कारण पावसात, सावकारात, व्यवस्थेत शोधतात, आणि ते बरोबरच आहे. मला मात्र त्या यादीत आणखी एक साधे कारण घालावेसे वाटते: ज्या दिवशी मोजू नये नेमक्या त्या दिवशी मोजलेला आकडा.

*

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. चिखली तालुक्यातल्या आमच्या शेतातल्या जुन्या विहिरीची त्यांनी वीस-एक वर्षे नोंद ठेवली. वही शाळेतलीच, लाल रेघांची. दर रविवारी विहिरीच्या किती पायऱ्या पाण्यावर दिसतात, मोटार किती वेळाने पाणी तोडते, आणि तुटलेले पाणी नेहमीच्या खुणेपर्यंत कधी येते, एवढ्याच तीन नोंदी. तारखेबरोबर नक्षत्र. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, हस्त असे क्रमाने. पावसाची नक्षत्रे संपली की नुसते मराठी महिने. या नोंदींचे ते काय करणार होते हे त्यांनी कधी सांगितले नाही. मला वाटते, शिक्षकाला हजेरी घेतल्याशिवाय चैन पडत नाही, एवढेच त्याचे कारण असावे.

त्यांच्या पश्चात ती वही माझ्याकडे आली. मधल्या एका उन्हाळ्यात या विहिरीत आडवे बोअर घेतले होते. त्याआधीची आणि नंतरची, पाऊस साधारण सारखा असलेली दोन-दोन वर्षे मी निवडली आणि आलेखाच्या कागदावर मांडून पाहिली. पहिली गोष्ट लगेच दिसली. आधी संध्याकाळी तुटलेली विहीर खुणेपर्यंत यायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडायची. आडव्या बोअरनंतर ती पहाटेलाच भरू लागली. काम यशस्वी झाले होते यात शंका नाही. घरात त्या वर्षी जो आनंद होता तो मला आठवतो. चुलतभावाच्या आग्रहाने गव्हाचे क्षेत्र एका एकराचे दोन एकर झाले.

दुसरी गोष्ट दिसायला वेळ लागला. मोटार तासाभराच्या आत पाणी तोडू लागली तो रविवार आधीच्या वर्षांत फाल्गुनाच्या अखेरीस येत होता. नंतरच्या वर्षांत तो माघाच्या शेवटालाच आला. गव्हाचे शेवटचे पाणी हुकले. मग मी हंगामातल्या मोटारीच्या सगळ्या तासांची बेरीज केली, आधीची आणि नंतरची. दोन्ही बेरजा जवळजवळ सारख्या निघाल्या. म्हणजे आडव्या बोअरने विहिरीला पाणी दिले नव्हते, वेग दिला होता. विहिरीभोवतीच्या मुरमात आणि भेगांत पावसाळ्याने जेवढे भरून ठेवले होते तेवढेच बाहेर आले, फक्त लवकर आले. चुलतभावाला वडील एकदा म्हणाले होते, "भोक मोठं केलं म्हनजे रांजनातलं पानी वाढते काय, बाबू?" तेव्हा ते मला म्हाताऱ्या माणसाचे हटवादी बोलणे वाटले होते. वहीत त्यांच्याकडे त्याचा हिशेब होता.

इथे वायूच्या विहिरीचे आणि आमच्या विहिरीचे साम्य संपते, आणि ते कुठे संपते हे सांगणे आवश्यक आहे. घट्ट खडकातला वायू भेग पाडली नाही तर माणसाच्या आयुष्यात वर येणारच नाही. तिथे भेग केवळ वेग देत नाही, एकूण हाती लागणारा साठाही वाढवते. शिवाय तो साठा पुन्हा भरत नाही. आमच्या विहिरीचे पाणी मुळात चालते होते, भेग पाडली नसती तरी ते कुठे तरी जातच होते. आणि ते दर पावसाळ्यात पुन्हा भरते. म्हणून वायूच्या विहिरीला विचारायचा प्रश्न 'एकूण किती' हा आहे. आमच्या विहिरीला विचारायचा प्रश्न 'कधीपर्यंत' हा आहे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे पहिल्या दिवसाच्या आकड्यात नसतात, एवढे मात्र समान.

*

साहित्याच्या विद्यार्थ्यांना या शास्त्रातली एक गोष्ट विशेष ओळखीची वाटेल. विहिरीचा अभ्यासक खाली उतरून भेग पाहू शकत नाही. त्याच्या हाती फक्त वर आलेला वक्र असतो: इतक्या वेळात इतके पाणी, इतक्या वेळात पातळी इतकी खाली. मग तो आधीच तयार करून ठेवलेल्या आदर्श वक्रांवर आपला वक्र ठेवून पाहतो, कोणत्याशी जुळतो ते शोधतो आणि त्यावरून खालच्या खडकाचे रूप अनुमानाने सांगतो. पण अडचण अशी, की खालची अनेक वेगवेगळी रचना वर एकाच आकाराचा वक्र देऊ शकते. एक लांब भेग, किंवा बारीक भेगांचे जाळे. जवळचा छोटा साठा, किंवा दूरचा मोठा. वक्र एक, अन्वयार्थ अनेक. त्यांतला कोणता खरा हे ठरवायला नुसता वक्र पुरत नाही. त्या भागातला खडक कसा आहे, शेजारच्या विहिरी काय सांगतात, पूर्वी काय घडले, हे संदर्भ लागतात. आणि सर्वांत जास्त लागतो तो काळ. थोड्या तासांच्या नोंदीवर जवळजवळ कोणताही सिद्धांत बसवता येतो. वर्षभराच्या नोंदीपुढे बहुतेक सिद्धांत गळून पडतात.

आमच्याच जिल्ह्यातले उदाहरण द्यायचे तर मेहकरचे ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांचे देता येईल. त्यांची 'शीळ' ही कविता एकोणीसशे तीसच्या दशकात गो. ना. जोशींच्या ध्वनिमुद्रिकेतून घराघरांत पोचली. लागलेल्या पाण्याचा तो फवारा होता. त्याच नावाचा त्यांचा पहिला संग्रह मात्र आला १९५४मध्ये. 'अभिसार' १९६३मध्ये, 'खूणगाठी' १९८५मध्ये, आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार तेव्हा, जेव्हा कवी पंचाहत्तरी ओलांडून गेला होता. पहिल्या दिवसाच्या आकड्यावर विसंबून असलेल्या वाचकाच्या लेखी ते एका गाण्याचे कवी. लांब शेपटीची नोंद ठेवणाऱ्याला त्यांत साठ वर्षांचा संथ, न तुटलेला पाझर दिसतो. उपमा फार ताणू नये हे खरे. कवी म्हणजे विहीर नव्हे. पण आपण समीक्षक ज्या घाईने पहिल्या पुस्तकाचे इंच मोजतो, ती घाई बोअरच्या मालकाच्या घाईहून फारशी निराळी नसते.

*

शेवटी, माझ्या मनात या सगळ्याच्या तळाशी असलेला प्रश्न. आडव्या बोअरने जे पाणी लवकर आले, ते लवकर आले नसते तर कुठे गेले असते?

चार्ल्स थाइस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३५मध्ये उपशाने पाण्याची पातळी काळाबरोबर कशी उतरते याचे सूत्र दिले, आणि विहिरीच्या चाचण्या आजही त्याच्या पायावर उभ्या आहेत. १९४०मध्ये त्याने एक साधा, पण पचायला जड प्रश्न विचारला: विहिरीचे पाणी येते तरी कुठून? त्याचे उत्तर थोडक्यात असे: विहिरीने उचललेला प्रत्येक थेंब कुठल्या तरी दुसऱ्या खात्यातून वजा झालेला असतो. एक तर जमिनीतला साठा कमी होतो, किंवा मुरणे वाढते, किंवा जे पाणी आपोआप ओढ्या-नद्यांत पाझरणार होते ते कमी होते. नवे पाणी विहीर निर्माण करत नाही.

आमच्या शेताच्या खालच्या अंगाला एक नाला आहे. माझ्या लहानपणी होळीपर्यंत त्याच्या डोहात गुरे पाणी पीत. आता तो संक्रांतीच्या आगेमागे कोरडा होतो. याला केवळ आमची विहीर कारण नाही. त्या शिवारात आता कित्येक विहिरी आणि बोअर आहेत, आणि प्रत्येकाच्या मालकाने आपल्या भिंतीत, आपल्या जमिनीत, आपल्या पैशाने भेगा पाडल्या आहेत. पण भेगेला सातबारा नसतो. ती बांध ओलांडून शेजाऱ्याच्या मुरमात शिरते, तिथून नाल्याच्या काठाखाली. माझ्याकडे पहाट झाली तेव्हा कुणाची तरी दुपार लांबली असणार. महाराष्ट्राचा २००९चा भूजल अधिनियम शेतीसाठी साठ मीटरांहून खोल विहीर घेण्यावर बंधन घालतो, आणि भूजल यंत्रणा राज्यभरातल्या हजारो निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. खोलीची मर्यादा कागदावर सांगता येते. भेगांच्या नात्यागोत्याची नोंद मात्र गावानेच ठेवायला हवी, आणि ती ठेवायला फार मोठी साधने लागत नाहीत. लाल रेघांची वही पुरते.

वडिलांनी फक्त आपली विहीर मोजली. नाल्याच्या डोहाला किती पायऱ्या हे त्यांनी लिहिले नाही, कारण डोहाला पायऱ्या नव्हत्या आणि तो कुणाचा एकट्याचा नव्हता. त्या वहीच्या शेवटी बरीच कोरी पाने शिल्लक आहेत. या वर्षी हस्त नक्षत्रापासून मी त्यांवर तीन रकाने आखले आहेत: आमची विहीर, शेजारची विहीर, आणि नाला. शेजाऱ्यांनी पहिल्या रविवारी हसून विचारले, "हे कायले लिहिता सर?" दुसऱ्या रविवारी आपल्या विहिरीचा आकडा त्यांनी स्वतःच सांगितला.